पुढच्या हंगामाकडे पाहणारी संस्था टिकते

मे २०२२ मध्ये कापसाच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. रुई चढली की सूत चढते आणि सूत चढले की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या तोंडचे पाणी पळते. कारण कापडाचे गिऱ्हाईक वाढीव भाव द्यायला लगेच तयार होत नाही. पुढच्या हंगामात उलटे घडले. भाव पुन्हा चढेल या आशेने महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. एका वर्षी विणकर भरडला गेला, दुसऱ्या वर्षी शेतकरी.

आपल्या समाजातील बहुतेक धंदे शेतमालावर उभे आहेत. कापडवाला कापसावर, बागवान द्राक्ष, आंबा आणि केळीवर, मिठाईवाला दुधावर, पिंजारी आणि गादीवाला रुईवर अवलंबून असतो. शेतकऱ्यांच्या संस्था नीट चालल्या तर आपल्याला माल वेळेवर आणि बऱ्या भावात मिळतो. त्या बुडाल्या तर आपली उचल, आपले सौदे आणि आपल्या कारागिरांची मजुरी अडकते. म्हणून शेतकऱ्यांची एखादी संस्था का चालते आणि दुसरी का बुडते हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा नाही. तो आपल्या गल्ल्याचाही आहे.

साधारण समज असा की ज्या संस्थेला सरकारचा पैसा मिळाला ती चालली, ज्या संस्थेत चोरी झाली ती बुडाली. यात खरे आहे, पण सगळे नाही. सरकारचा भरपूर पैसा मिळूनही बुडालेल्या संस्था आहेत आणि हातात फारसे काही नसताना उभ्या राहिलेल्या संस्थाही आहेत. फरक बराचसा दूरदृष्टीचा आहे. आम्ही उर्दू शाळेत तिला दूरंदेशी म्हणायला शिकलो.

अंदाज वेगळा, दूरंदेशी वेगळी

दूरंदेशी म्हणजे उद्याचा भाव ओळखणे, असे अनेकांना वाटते. तो सट्टेवाल्याचा धंदा आहे. उद्याचा भाव कोणालाही ठाऊक नसतो. व्यापारात काही गोष्टी अनिश्चित असतात, पण काही गोष्टी येणार हे नक्की असते. त्या नक्की गोष्टींची तयारी आधी करणे म्हणजे दूरंदेशी.

आमच्याच धंद्यातले उदाहरण घेऊ. ईद दर वर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. २०१७ साली ती जूनच्या अखेरीस, पावसाळ्याच्या तोंडावर आली होती. २०२५ मध्ये मार्चच्या अखेरीस आली. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडीत येईल. त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. तरीही गेल्या वर्षीचीच यादी काढून तोच माल त्याच महिन्यात मागवणारे दुकानदार आपल्याला बाजारात भेटतात. कोणता रंग चालेल हे कोणी सांगू शकत नाही, पण कापड पातळ लागेल की जाड हे कॅलेंडर सांगते. पहिल्या गोष्टीत चूक झाली तर ती नशिबाची. दुसऱ्या गोष्टीत चूक झाली तर ती निष्काळजीपणाची.

शेतमालाचेही असेच आहे. हिवाळ्यात म्हशीचे दूध वाढणार, हे नक्की. चढलेला भाव कधीतरी पडणार, हे नक्की. परदेशी गिऱ्हाईक नियम दिवसेंदिवस कडक करणार, हेही नक्की. कोणत्या दिवशी, एवढेच ठाऊक नसते. या तीन नक्की गोष्टींना तीन संस्थांनी कसे तोंड दिले ते पाहू.

खेड्याचे दूध आणि हिवाळ्याचा पूर

गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादक संघाची नोंदणी १९४६ च्या डिसेंबरमध्ये झाली. त्या काळी आणंद भागातील दूध मुंबईला नेण्याचे काम पोल्सन या खासगी डेअरीकडे होते. भाव डेअरी आणि तिचे दलाल ठरवीत. शेतकऱ्यांनी सुमारे पंधरा दिवस दूध देणे बंद केले आणि सरदार पटेलांच्या सल्ल्याने स्वतःचा संघ काढला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. सुरुवात दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला सुमारे २५० लिटर दुधावर झाली. १९४९ मध्ये वर्गीज कुरियन आणंदला आले. पुढे याच संघाचा माल अमूल नावाने देशभर गेला.

इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याने पाहावी ती पुढची गोष्ट. संघाचे मोठे गिऱ्हाईक एकच होते, मुंबईची सरकारी दूध योजना. हिवाळ्यात म्हशीचे दूध उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. मुंबईची मागणी मात्र बाराही महिने सारखीच. त्यामुळे थंडीत दूध उरू लागले. संघ शेतकऱ्याला म्हणू शकत होता, "आज तुमचे दूध नको." पण ज्या दिवशी संघ दूध परत पाठवील त्या दिवशी शेतकरी पुन्हा दलालाकडे जाईल, हे संघाच्या लोकांनी ओळखले.

त्यांनी हिशोब असा मांडला की पूर दर वर्षी येणारच, तेव्हा पुराचे पाणी साठवायला धरण हवे. दुधाचे धरण म्हणजे भुकटी आणि लोणी. अडचण अशी होती की जगात भुकटी गाईच्या दुधाची होत असे आणि म्हशीच्या दुधाची होणार नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. संघाचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफ आणि न्यूझीलंडच्या मदतीने कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हिवाळ्याचे जास्तीचे दूध आता फेकायचे नव्हते, ते लोणी आणि भुकटी होऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जात होते. एकाच गिऱ्हाइकावर तगण्याचा धोकाही त्यामुळे कमी झाला.

दुसरी दूरंदेशी त्याहून मोठी. साठच्या दशकाच्या शेवटी युरोपात भुकटी आणि बटर ऑइलचे डोंगर साठले होते. हा माल कधी ना कधी गरीब देशांत फुकट किंवा मातीमोल भावात येणार आणि आपल्या दुधाचा बाजार मोडणार, हे कुरियन यांच्या लक्षात आले. त्यांनी तो माल अडवण्याचा नाद केला नाही. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत तो मदत म्हणून मागून घेतला, शहरांत योग्य भावाने विकला आणि आलेल्या पैशांतून देशात डेअऱ्या आणि दूधसंघ उभे केले. हीच १९७० मध्ये सुरू झालेली ऑपरेशन फ्लड योजना. जो माल धंदा बुडवायला आला असता तोच भांडवल झाला. नंतर १९७३ मध्ये गुजरातमधील जिल्हा संघांनी विक्रीसाठी एक महासंघ केला, म्हणजे एका संघाने दुसऱ्याचा भाव पाडू नये.

यात चमत्कार कुठेच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गावात दूध मोजले जाते, फॅट तपासली जाते, त्याची नोंद होते आणि पैसे त्यावर मिळतात. म्हणजे कोणत्या महिन्यात किती माल येतो, हे संघाला कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा आधी आणि नेमके समजते. ज्याची वही रोज लिहिली जाते त्यालाच पुढचे दिसते.

कापसाचा एकाधिकार

आता आपल्या राज्याकडे आणि आपल्या धंद्याच्या मुळाकडे येऊ. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानुसार कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून ती सुरू झाली. राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, खासगी व्यापाऱ्याने नाही. कापूस संकलन केंद्रावर आणायचा, प्रतवारी व्हायची, जिनिंग-प्रेसिंग होऊन गाठी विकल्या जायच्या. आधी राज्य पणन महासंघाकडे आणि पुढे ऐंशीच्या दशकात कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र महासंघाकडे हे काम आले.

ही योजना वाईट हेतूने आली असे कोणी म्हणू नये. खासगी खरेदीत काटा मारणे, प्रत खाली दाखवणे, पैसे लांबवणे हे प्रकार सर्रास चालत, हे आम्हा व्यापारी लोकांनीही मान्य केले पाहिजे. योजनेने शेतकऱ्याला ठरलेला भाव दिला. विक्रीत नफा झाला की त्याचा मोठा भाग बोनस म्हणून शेतकऱ्याला आणि काही भाग भाव चढ-उतार निधीत जायचा. म्हणजे कागदावर दूरंदेशी होती. चढलेला भाव पडेल, त्या दिवसासाठी शिल्लक ठेवा, हे योजना लिहिणाऱ्याला कळत होते.

मग बिघडले कुठे? हमीभाव किती द्यायचा हे बाजार पाहून ठरवले गेले नाही. ते मुंबईत आणि नागपूरच्या अधिवेशनात ठरत गेले. केंद्राने जाहीर केलेल्या आधारभावावर राज्य आपला वाढीव भाव आणि आगाऊ बोनस देऊ लागले. बाजार चढता असेपर्यंत ते निभले. १९९५ मध्ये जगाच्या बाजारात कापूस पौंडाला एक डॉलरच्या वर गेला होता. त्यानंतर भाव घसरू लागले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ते पौंडाला ४० सेंटच्याही खाली गेले. म्हणजे सहा-साडेसहा वर्षांत निम्म्याहून कमी. या उतरत्या वर्षांतही महाराष्ट्रात घोषणा चढत्या भावाचीच होत होती.

याचा परिणाम कोणत्याही किराणा दुकानदाराला सांगता येईल. बाहेरच्या राज्यात भाव जास्त असला की महाराष्ट्राचा कापूस रात्रीच्या गाड्यांतून गुजरात, मध्य प्रदेश आणि आंध्रकडे जायचा. बाहेर भाव पडलेला असला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर यायचा. म्हणजे नफ्याच्या वर्षी संस्थेला माल मिळत नसे आणि तोट्याच्या वर्षी नको तेवढा माल गळ्यात पडे. महाग घेतलेला माल स्वस्त विकावा लागे. चढ-उतार निधी आटला, कर्ज आणि व्याज वाढले. शेतकऱ्यांचे चुकारे महिनोन्‌महिने रखडू लागले. तोटा हजारो कोटींच्या घरात गेला. अखेर २००२ च्या हंगामात खासगी खरेदीला परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपला. त्यानंतर महासंघ बरीच वर्षे मुख्यतः केंद्राच्या आधारभाव खरेदीत एजंट म्हणून काम करीत आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. महासंघाला बाजार कळत नव्हता असे नाही. त्याच्याकडे प्रतवारीकार होते, गाठी विकणारे अधिकारी होते, गिरण्यांशी रोजचा व्यवहार होता. जगाचा भाव पडतो आहे हे त्यांना आपल्याआधी ठाऊक होते. पण ठाऊक असणाऱ्याच्या हातात भाव नव्हता आणि भाव ज्यांच्या हातात होता त्यांना पुढच्या हंगामाऐवजी पुढची निवडणूक दिसत होती. डोळा एकाचा, हात दुसऱ्याचा, अशी ती संस्था होती. डोळ्याने खड्डा पाहिला तरी पाय त्यात जाणारच.

एकाधिकार गेल्यानंतर कापूसवाल्या शेतकऱ्यासाठी पुढे पाहणारे मोठे असे कोणी उरले नाही, हे त्याचे दुसरे दुखणे. २००२ मध्येच बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारणीचा खर्च वाचला. पण कीड औषधाला सरावते, हे शेतीशास्त्रातले जुने ज्ञान आहे. म्हणूनच बीटीच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता आणि तो फारसा कोणी पाळला नाही. बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आधी गुजरातमध्ये दिसली. काही वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, विदर्भ आणि मराठवाड्यात तिने धुमाकूळ घातला. शेजारच्या राज्यात लागलेली आग इथे पोहोचायला वर्षे लागली होती, पण ती मोजून सभासदांना सांगणारी आणि बियाणे, पेरणीची वेळ, फरदड यांबद्दल एकमुखाने निर्णय करणारी संस्थाच नव्हती. त्या वर्षी किडका, डागाळलेला कापूस जिनिंगमध्ये आला. त्याचा त्रास जिनिंगवाल्यापासून सूत घेणाऱ्यापर्यंत सर्वांना झाला.

नाशिकची द्राक्षे आणि परदेशी गिऱ्हाईक

तिसरे उदाहरण बागवान मंडळींच्या ओळखीचे आहे. महाराष्ट्राच्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ मध्ये महाग्रेप्स ही संस्था काढली. हेतू युरोपात माल विकण्याचा. भारताच्या द्राक्षाला तिथे एक खिडकी मिळते. दक्षिण आफ्रिका आणि चिलीचा माल संपत येतो आणि इजिप्तचा अजून यायचा असतो, त्या मधल्या आठवड्यांत आपला माल विकला जातो. खिडकी लहान असते, पण दर वर्षी उघडते.

पहिल्या काळात माल वाटेत खराब होई आणि नाकारला जाई. वेलीवरून काढलेल्या द्राक्षात उन्हाची उष्णता असते. ती काही तासांत काढली नाही तर तीन-चार आठवड्यांच्या बोटीच्या प्रवासात घड गळतो. म्हणून प्री-कूलिंग आणि शीतगृहे उभारावी लागली, पेटीत घालायचे विशेष कागद आले, घड कापण्याची आणि हाताळण्याची पद्धत बदलली. हे झाले मालाचे. पुढे गिऱ्हाइकाचे नियम आले. औषधांचे अंश किती चालतील याच्या मर्यादा कडक झाल्या. २००३ च्या सुमाराला अंशांवरून त्रास झाल्यानंतर अपेडा आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने प्रयोगशाळेतील तपासणीची व्यवस्था बसवली. २००६ पासून ग्रेपनेटमध्ये प्रत्येक निर्यात बागेची नोंद होऊ लागली.

एवढी व्यवस्था असूनही २०१० मध्ये फटका बसला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागाईतदार सीसीसी म्हणतात, त्याचे अंश युरोपात सापडले. आपल्या तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. कंटेनर अडकले, भाव कोसळले, अनेक निर्यातदार आणि शेतकरी कर्जात गेले. यादीतले सगळे आपण तपासले होते, यादीबाहेरचे गिऱ्हाइकाने तपासले. दूरंदेशीचे काम यादी पुरी झाल्यावर संपत नाही, हा त्या वर्षाचा धडा.

नाशिक जिल्ह्यातील विलास शिंदे हे त्या वर्षी मोठा तोटा झालेल्यांपैकी एक. त्यांनी आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन केली. तिथे फटक्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला. फक्त निर्यातीच्या द्राक्षावर संस्था चालवली तर एक खराब वर्ष तिला संपवील. म्हणून टोमॅटो, आंबा, डाळिंब, केळी अशी पिके घेतली, प्रक्रियेचा कारखाना काढला. निर्यातीला न चालणाऱ्या मालाला देशातल्या बाजाराचे आणि प्रक्रियेचे दुसरे दार ठेवले. युरोपचे गिऱ्हाईक जुन्या वाणापेक्षा मोठा, कुरकुरीत मणी मागू लागले, तेव्हा परदेशी पेटंटचे वाण परवान्याने आणले. २०२२ मध्ये या उद्योगात युरोपच्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले.

संकटे अजूनही येतात. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. प्रवास बरेच दिवस लांबला, भाडे वाढले. असे हल्ले होतील हे कोणी सांगितले नव्हते. पण बोट उशिरा पोहोचू शकते, ही गोष्ट नवी नाही. ज्याचा माल टिकाऊ आणि ज्याला दुसरे दार, त्याला असा तडाखा कमी लागतो.

तिघांचा हिशोब एका पानावर

या तीन कथांतून जे हाती लागते ते असे.

पहिली गोष्ट, पुढचे पाहायला वही लागते. दूध संघाची वही रोज लिहिली जात होती, म्हणून हिवाळ्याचा पूर त्याला आकड्यांत दिसला. आठवणीवर चालणाऱ्या संस्थेला गेले वर्षही नीट दिसत नाही, पुढचे कुठून दिसणार?

दुसरी गोष्ट, पाहणाऱ्याच्या हातात निर्णय हवा. कापूस महासंघाची सगळी गोष्ट या एका वाक्यात येते. जाण असून अधिकार नसेल तर ती जाण कपाटातल्या कापडासारखी, पडून पडून कसर लागते.

तिसरी गोष्ट, राखीव पैसा खरोखर राखीव हवा. चांगल्या वर्षी वाटून टाकला आणि वाईट वर्षी कर्ज काढले, तर ती शिल्लक नव्हती, फक्त उशिरा वाटलेला बोनस होता.

चौथी गोष्ट, दुसरे दार. खेड्याने दुधाची भुकटी केली, मोहाडीने द्राक्षाबरोबर टोमॅटो घेतला. दोघांचे कारण एकच, एका गिऱ्हाइकाच्या किंवा एका मालाच्या मर्जीवर जगायचे नाही.

पाचवी गोष्ट, वाईट बातमी सभासदाला वेळेवर सांगण्याची हिंमत. भाव पडतो आहे हे सांगणारा अध्यक्ष लोकांना आवडत नाही. पण तो सांगत नाही तेव्हा सभासद माल घरात भरून बसतो आणि दोघेही बुडतात.

आपल्यासाठी यात काय?

पहिले काम सोपे आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रात अशा कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत आणि आपल्या बागवान, धान्यवाल्या आणि रुईवाल्या बंधूंचा त्यांच्याशी व्यवहार वाढतो आहे. पण नोंदणी होणे वेगळे आणि चालणे वेगळे. आगाऊ रक्कम देण्याआधी किंवा हंगामाचा करार करण्याआधी वर सांगितलेल्या पाच गोष्टी शांतपणे विचाराव्यात. गेल्या तीन हंगामांची वही आहे का? भाव ठरवण्याचा अधिकार कोणाचा? राखीव किती? आमच्याशिवाय दुसरे गिऱ्हाईक कोण? दुसरे गिऱ्हाईक आहे म्हणून व्यापाऱ्याने नाराज होऊ नये. ज्या संस्थेचे सगळे आपल्यावर अवलंबून आहे ती आपल्यासोबतच बुडेल आणि आपला मालही बुडवील.

दुसरे काम कापड आणि सुताच्या धंद्यातल्यांनी करावे. कापसाचे भाव हवामानाइतकेच सरकारी हुकमावर हलतात, हे नक्की धरून चालावे. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एकाएकी बंद झाली होती. कापसावरचे आयात शुल्क २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी उठवले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा वर्षाखेरपर्यंत उठवले गेले. म्हणजे रुई फार चढली की गिरण्या ओरडतात आणि दार उघडते. हे ठाऊक असताना चढत्या बाजाराच्या टोकाला सुताने गोदाम भरून घेणे हा व्यापार नव्हे.

तिसरे काम कारागिरांचे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. उत्पादक कंपनीचा कायदा २००२ मध्ये आला, तो फक्त शेतकऱ्यांसाठी नाही. त्यात प्राथमिक उत्पादन या शब्दात शेती, पशुपालन, फळबाग यांच्यासोबत हातमाग, हस्तकला आणि इतर कुटीरोद्योगांचा मालही धरला आहे. दहा उत्पादक एकत्र आले तर अशी कंपनी काढू शकतात. वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. औरंगाबादचा, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू विणणारा असो की हाताने जरीकाम करणारा, त्याला आज दलालाकडून सूत उधार घ्यावे लागते आणि माल त्यालाच द्यावा लागतो. १९४६ पूर्वी आणंदचा दूधवाला याच अवस्थेत होता.

मात्र कंपनी काढणाऱ्यांनी आधी खेड्याची वही डोळ्यांपुढे ठेवावी, मग नोंदणीचा अर्ज भरावा. सुरुवात दोन गावांनी आणि २५० लिटर दुधाने झाली होती. दहा कारागिरांनी महिनाभर फक्त एवढे लिहावे: किती सूत लागले, काय भावाने, किती माल गेला, पैसे किती दिवसांनी आले. वर्षभराच्या अशा वहीतून कोणत्या महिन्यात माल साचतो आणि कोणत्या महिन्यात हात रिकामे राहतात हे दिसेल. तो महिना पुढच्या वर्षीही येणार आहे. त्याची तयारी आजपासून करता येते.